तिरंग्याची घडी

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, शपथेवर, मी म्हणालो होतो, "आठवत नाही." ते खोटं होतं. हे मी आजवर एका व्यक्तीखेरीज कोणालाही सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. मला त्या दिवसाचं सगळं आठवतं. माझ्या टेबलावरची काच कोणत्या कोपऱ्यात तडकलेली होती, तेही.

नावं लिहिणार नाही. गाव लाखांदूर तालुक्यातलं, एवढं पुरे. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल. निवृत्तीनंतर हा वर्दीची बदनामी करायला बसला, असं ज्या जुन्या सहकाऱ्यांना वाटेल, त्यांना आधीच सांगतो. वर्दीची बदनामी मी वर्दीत असतानाच केली. आता फक्त लिहून काढतो आहे.

तेव्हा मी तिथला ठाणेदार होतो. स्वातंत्र्यदिनाचा बंदोबस्त उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात पोचलो, तर फाटकासमोर शंभरेक माणसं. पुढे सरपंच. ग्रामपंचायतीसमोरच्या खांबावरचा राष्ट्रध्वज नाहीसा झाला होता. तक्रार तोंडी नव्हतीच, लिहूनच आणली होती: अज्ञात समाजकंटकाने देशाचा अवमान करण्याच्या हेतूने ध्वज पळवला. हेतू त्यांना आधीच माहीत होता, माणूस तेवढा आम्ही शोधायचा होता. मोबाईलवर बातमी माझ्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी पोचली होती. उपविभागीय अधिकाऱ्यांचा फोन आला. आज निकाल लागला पाहिजे, एवढंच ते म्हणाले. कसा लागला पाहिजे, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर मी वरच्यांवर फोडणार नाही.

स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि हवालदाराला घेऊन गावात गेलो. हवालदार माझ्यापेक्षा वयाने मोठे, कमी बोलणारे. त्यांनी खांबाच्या दोरीला हात लावला आणि बोटं माझ्यापुढे धरली. दोरीच्या पिळांत चिखल अडकून राहिला होता. रस्त्यावरची लाल माती नव्हे, धानाच्या बांधीतला, भातखाचरातला मऊ, राखाडी गाळ. दोरी मात्र खाली खुंटीला नीट आवळून, गाठ मारून ठेवलेली. ओरबाडून नेणारा माणूस दोरी बांधत बसत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

ध्वज सूर्यास्ताच्या आत उतरवायचा, हे काम ग्रामपंचायतीच्या शिपायाचं. त्याला समोर बसवलं. ध्वज कधी उतरवला, एवढाच प्रश्न केला, तर तो कुलपाबद्दल सांगू लागला. कपाटाचं कुलूप कसं ढिलं आहे, किल्ली दोघांकडे कशी असते. माणूस खोटं बोलायला लागला की विचारलेलं सोडून भलत्याचंच सविस्तर वर्णन करतो. मी गप्प राहिलो. गप्प राहण्याने जेवढे जबाब मिळतात तेवढे दरडावून मिळत नाहीत. शेवटी तो म्हणाला, "साहेब, आमच्या रोवणीचा आखरी दिवस होता जी. ध्यानातून गेलं."

आमच्याकडच्या वाचकाला यापुढे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, संपते त्या दिवशी बांधीतच हसणं-खिदळणं होतं. बाया एकमेकींना चिखल फासतात, मालकालाही सोडत नाहीत, आणि मग मालकाच्या घरून गोडधोड येतं. शिपायाच्या शेतात त्या दिवशी तेच चाललं होतं. संध्याकाळ झाली, ढग दाटले, आणि ध्वज वरच राहिला. म्हणजे पहिली चूक कोणाची, ते दुपारच्या आत उघड झालं होतं. पण हा शिपाई सरपंचाच्या नात्यातला. मी त्याला घरी जाऊ दिलं.

ठाण्यात परतलो तर एस.टी. थांब्याजवळच्या चहावाल्याचा फोन. हा माझा जुना खबऱ्या.

"साहेब, माह्यं नाव नोका घेऊ. ती तलावाच्या पाळीवर पळते ना पोरगी, भरतीवाली? तिले दिवस बुडताना खांबापाशी पाहिलं लोकाइनं."

त्या मुलीला मीही ओळखत होतो. गस्तीवरून परतताना सकाळी ती पाळीवर, तलावाच्या बांधावर, धावताना दिसायची. पोलीस भरतीची शारीरिक चाचणी आणि लेखी परीक्षा ती पास झाली होती, चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्याकडे येणार होता. तिचा बाप निमलष्करी दलातून निवृत्त होऊन आजाराने वारलेला. राहायची बौद्ध मोहल्ल्यात. खबऱ्याने तिची ओळख सांगितल्याबरोबर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती मोहल्ला, बापाची नोकरी नव्हे. तेही लिहून ठेवतो.

महिला शिपाई बरोबर घेऊन तिच्या घरी गेलो. दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी वर्दीतला बाप. मी काही विचारायच्या आत तिच्या आईने लोखंडी पेटी उघडली. वर ध्वज होता, खाली नवऱ्याची जुनी वर्दी.

"पोरगी सकायीच नेऊन देनार होती जी," आई म्हणाली. "पन ह्या दमट हवेत वाळलाच नाही."

ध्वज धुतलेला होता, अजून ओलसर. आणि घडी केलेला. केशरी आणि हिरवा पट्टा आत, पांढरा वर, मग दोन्ही टोकं दुमडून मधोमध अशोकचक्र. ही घडी मला प्रशिक्षणात शिकवली होती. चुकली की उस्ताद पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे. ज्याच्या मनात अवमान आहे त्याच्या हातून ही घडी होत नाही. मी ती तशीच दोन्ही हातांवर घेऊन जीपमध्ये ठेवली, मांडीवर. रस्ता खड्ड्यांचा होता, पण घडी हलू दिली नाही. म्हणजे तिचा अर्थ मला पूर्ण समजला होता.

मुलीलाही बरोबर आणलं होतं. ठाण्यात तिचा जबाब घेतला. ती खुर्चीत ताठ बसली होती, मला "सर" म्हणत होती, आधीच खात्यात रुजू झाल्यासारखी. लोकांच्या बांधीतली मजुरी आटोपून, चिखलानं भरलेल्या हातानं ती घराकडे निघाली होती. अंधार पडत होता, पाऊस आला होता, वर ध्वज फडफडत होता आणि कार्यालयाला कुलूप होतं. तिनं तो उतरवला. पांढऱ्या पट्ट्यावर तिच्या बोटांचा चिखल लागला. तो धुवायला म्हणून घरी नेला. डाग पुरता निघाला नाही.

"मग सकाळीच येऊन का नाही सांगितलं?"

"लोकं जमले होते सर. डाग पाहून कोनी ऐकलं असतं का माह्यं?"

मी उलट दुसरा प्रश्न विचारला. ही आमची खात्यातली सवय. म्हटलं, तुझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, माहीत आहे?

"मीनं तो जमिनीले टेकू नाही देल्ला सर. अन् रातभर वरच राहिला असता, तर गुन्हा कोनाचा झाला असता?"

त्या क्षणी प्रकरण संपलं होतं. मी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं की, तुमचा शिपाई विसरला आणि या पोरीनं ध्वजाचा मान राखला. तेवढी दोन वाक्यं. जमाव पांगला असता किंवा नसता पांगला, मी ठाणेदार होतो, माझ्याकडे फौज होती.

मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि हवालदारांना पंच आणायला पाठवलं. खोलीत एकटा राहिलो. बाहेर देशाच्या नावाचा जयजयकार चालला होता आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला होता. मला वाटत होतं, हा जयजयकार माझ्यासाठी आहे. एका दिवसात आरोपी पकडणारा ठाणेदार. पदकासाठी माझं नाव त्या वर्षी वर गेलेलं होतं. बाहेर जाऊन "आरोपी नाही" म्हटलं असतं, तर तेच लोक माझ्या नावानं ओरडले असते. या सगळ्याचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही.

मी घडी मोडली. ध्वज टेबलावर पसरला, डाग वर येईल असा.

दार अर्धं उघडं होतं. मान वर केली तेव्हा बाकावरून ती माझ्याकडे पाहत होती. पंचांनी पाहिला तो विस्कटलेला, डागाळलेला ध्वज, आणि जप्ती पंचनाम्यात तसाच उतरला. मी ध्वज ठाण्यात आणला तेव्हा हवालदारांनी घडी पाहिलेली होती. ते एकदा टेबलाकडे पाहून पाण्याचा पेला घ्यायला बाहेर गेले आणि सही करायलाच परत आले.

राष्ट्रध्वजाच्या अवमानाचा गुन्हा नोंदवला. सरकारतर्फे पहिला साक्षीदार कोण, तर तो विसरभोळा शिपाई. चारित्र्य पडताळणीचा कागद आला तेव्हा त्यावर शेरा मीच लिहिला: गुन्हा न्यायप्रविष्ट. निवड यादीतून तिचं नाव गेलं.

खटला बराच काळ रेंगाळला. तिच्या वकिलांनी मला एकच नेमका प्रश्न विचारला होता. ध्वज तुमच्या ताब्यात आला तेव्हा त्याची घडी केलेली होती का? ती आरोपीच्या जागेवर उभी होती. मी न्यायाधीशांकडे पाहून म्हणालो, "आठवत नाही." पुढे संशयाचा फायदा देऊन ती सुटली. पण संशयाच्या फायद्यावर सुटलेल्या पोरीकडे गाव संशयानंच पाहतं. आणि तोवर भरतीचं वय निघून गेलं होतं.

पदक मला मिळालं. पुढे पन्नाशीनंतर थोड्याच वर्षांत स्वेच्छानिवृत्ती घेतली, प्रकृतीचं कारण देऊन. निरोप समारंभाला ते हवालदारही आले होते, तेव्हा निवृत्त झालेले. हार घालताना कानाशी म्हणाले, "साहेब, तुमच्या हाताखाली चांगलं काम केलं जी आम्ही. येक दिवस सोडून." बाकीचे टाळ्या वाजवत होते.

तेव्हापासून दर स्वातंत्र्यदिनाला शाळा-महाविद्यालयांत मला पाहुणा म्हणून बोलावतात. मी देशाभिमानावर बोलतो, पोरं शांत बसून ऐकतात. गेल्या वर्षी त्याच गावचं बोलावणं आलं. ध्वजारोहण माझ्या हस्ते, त्याच खांबावर. मी होकार दिला आणि आदल्या दिवशी तिला भेटायला गेलो.

ती तलावाच्या पाळीवर होती. गळ्यात शिटी, पुढे आठ-दहा मुली धावत होत्या. मजुरी करून सकाळ-संध्याकाळ ती गावातल्या पोरींना भरतीसाठी तयार करते. तिनं तयार केलेल्या काही जणी आज खात्यात आहेत. जी वर्दी मी तिच्या अंगावर चढू दिली नाही, ती तिनं दुसऱ्यांच्या अंगावर चढवली. तिनं मला लगेच ओळखलं. "सर" म्हणाली नाही.

मी सगळं सांगितलं. घडी, पंच, साक्ष. तिनं मध्येच शिटी वाजवून एका मुलीला गुडघे वर उचलायला सांगितलं, मग माझ्याकडे वळली.

"मले कायले सांगता? मले तर माहीतच आहे. म्या पाहिलं ना. ज्याइले माहीत नाही त्याइले सांगा."

मी क्षमा मागायला गेलो होतो. तिनं काम सांगितलं.

आणि मी ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सरपंचांना फोन करून ताप आल्याचं कळवलं.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं अशा लेखांच्या शेवटी लिहायची रीत आहे. मी एवढंच म्हणेन, त्या दिवशी ठाण्याबाहेर शंभर माणसं देशाच्या नावानं ओरडत होती, आत एक पदकाचा उमेदवार होता, आणि देशाचं काम केलेली एकच व्यक्ती बाकावर आरोपी म्हणून बसली होती. ज्यांना हे वाचून राग येईल त्यांनी तो खुशाल माझ्यावर काढावा. खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर कारवाई करायची असेल तर पत्ता खात्याकडे आहे, आणि या वेळी मला आठवेल. पदक कपाटातून काढून ठेवलं आहे, ते मागायला कोणी आलं तर लगेच देता यावं म्हणून.

लिहिणं सोपं होतं. इथं तिचं नाव नाही, गावाचं नाव नाही. बोलणं बाकी आहे. त्या चौकात, त्या खांबापुढे, ती हजर असताना, तिचं नाव घेऊन मोठ्यानं सांगायचं आहे की घडी बरोबर होती आणि ती मी मोडली. तेवढं मी तिचं देणं लागतो.