तिनं भरलेला पहिला फॉर्म

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मानसशास्त्राचा प्रोजेक्ट करावा लागला. माझा विषय होता कॉलेजच्या विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता आणि मदत करण्याची वृत्ती. विषय सरांनी दिला, मी मान डोलावली. शंभर जणांकडून फॉर्म भरून घ्यायचे, आकडे मांडायचे, निष्कर्ष काढायचा. हे सगळं करत असताना माझ्याच खोलीतली एक पोरगी माझ्या डोळ्यांदेखत खचत होती, आणि मी तिला फॉर्म नीट भरता येत नाही म्हणून रागावले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फॉर्म भरून घेणं हा एक तापच होता. ऑफ तासाला वर्गात जाऊन वाटायचे. प्रत्येक वाक्यापुढं पाच चौकोन, ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत. ‘दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून मला त्याचं दुःख ओळखता येतं’, असली वाक्यं. पोरं परीक्षेच्या सवयीनं शेजारच्याच्या कागदात डोकावून टिक करायची. एकानं तर विचारलं, “मॅडम, यातलं बरोबर उत्तर कुठलं?” मागच्या बाकांवरच्या सहा जणांची उत्तरं टिकेला टिक एकसारखी निघाली. सगळ्यांचेच प्रोजेक्ट असे होतात, असं म्हणून मी ते सहाही फॉर्म गठ्ठ्यात घातले.

केडगावात आम्ही दोघी एका खोलीत कॉट बेसिसवर राहायचो. मी तिसगावची. ती अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एका वाडीवरची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्या दिवाळीच्या सुट्टीत तिची आई गेली. तेरावं झाल्यावर ती परत आली, तर पिशवीत घरमालकिणीसाठी घरचे तांदूळ होते. आम्ही मैत्रिणींनी तिला एकदा जवळ घेतलं, काळजी घे म्हणालो, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामं सांगायला लागलो. कुणाची असाइनमेंट लिहून दे, कुणाचा मेसचा डबा घेऊन ये, कुणाला ताप आला तर दवाखान्यात ने. माझी आंघोळीची बादलीसुद्धा तीच भरून ठेवायची. तिला नाही म्हणता यायचं नाही आणि आम्हाला ते फार सोयीचं होतं.

शेवटी मला दोनच फॉर्म कमी पडत होते. त्यातला एक मी तिच्या हातात दिला. तिनं कॉटवर बसून, एकेक वाक्य दोनदा वाचून तो भरला. इतकं मन लावून फॉर्म भरणारी ती शंभरात एकटीच. मी तो हातात घेतला आणि माझं डोकंच फिरलं. मदतीच्या वाक्यांपुढं सगळीकडं ‘नेहमी’. आणि ‘मन मोकळं करायला मला माणूस आहे’ याच्यापुढं ‘कधीच नाही’. ‘अडचणीत मी मदत मागते’, कधीच नाही. ‘उद्याचा दिवस बरा जाईल असं मला वाटतं’, त्यालाही कधीच नाही.

“अगं, असं कसं चालेल?” मी म्हणाले. “जो एवढी मदत करतो त्याचा भावनिक बुद्धिमत्तेचा आकडा इतका कमी येत नाही. सर म्हणतील, फॉर्म खोटा भरलाय. माझा निष्कर्षच बिघडेल.”

ती हळूच म्हणाली, “मंग कसा भरू?”

मी सांगितलं. ती भरत गेली. पाच मिनिटांत नवा फॉर्म तयार झाला, सरांना आवडेल असा. “आता बरोबर हाय का?” तिनं विचारलं आणि माझ्या चहाचा कप विसळायला उठली. पहिल्या फॉर्मच्या मागची कोरी बाजू मी बेरजांना वापरली.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तर ती खोलीत नव्हती. माझा डबा आणून झाकून ठेवलेला, बादली भरलेली, तिच्या कॉटवरची गादी गुंडाळलेली. मोबाईल खिडकीत ठेवलेला. ती दुकानापर्यंत गेली तरी मोबाईल न्यायची, कारण वडलांचा फोन कधीही यायचा. तेवढ्यात तो वाजला. मी उचलला.

“पोरगी कुठंय?” वडील विचारत होते. “दुपारी फोन करती रोज, आज आला न्हाई.”

“लायब्ररीत गेलीय, काका,” मी बेधडक खोटं बोलले.

“मंग ऱ्हाऊ द्या. तुमी हायेत सोबत, म्हणून मला काळजी न्हाई.”

फोन ठेवला. तिच्या मैत्रिणींचे नंबर त्यांनी भरलेल्या फॉर्मवर, माझ्या प्रोजेक्टच्या फायलीत होते. फाईल उघडली तर आधी तो बेरजांचा कागद हाती आला. मी तो उलटा केला आणि पहिल्यांदा नीट वाचला. मी आकडा वाचला होता, तिनं लिहिलेलं वाचलंच नव्हतं. ती मला सगळं सांगून बसली होती आणि मी तिला ते पुसायला लावलं होतं. मनात काय काय येत होतं ते मी स्वतःशीही बोलत नव्हते.

एकेकीला फोन लावले. “काल तर हसत होती गं.” “माझी असाइनमेंट तिच्याकडंच राहिलीय.” “आली की सांग हं, मला तिच्याशी काम होतं.” यातल्या प्रत्येकीनं माझ्या फॉर्मवर दुसऱ्याचं दुःख ओळखता येतं, नेहमी, अशी टिक केलेली होती. मला सगळ्यांचा संताप आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. खोलीला कुलूप न लावताच मी पळत सुटले. कॉलेज, लायब्ररी, मेस, मागचं मैदान. माहिती नाही का, पण तो कागद माझ्या हातातच होता. रिक्षावाल्याला स्टँड म्हणाले आणि भर रिक्षात, माणसांच्या मांडीला मांडी लावून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय झालं बाई?”

स्टँडवर अकोल्याच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर ती बसलेली होती. मांडीवर छोटी पिशवी. कंट्रोलर मला म्हणाला, “अकरापासून बसल्यात. तीन गाड्या गेल्या, चढंनात. म्हणलं, काय झालं, तर म्हणत्यात, काई न्हाई.”

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. धाप लागलेली, ओढणी खांद्यावरून पडलेली. तिनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं, अगदी काहीच नव्हतं.

“घरी जाऊन काय करू?” ती म्हणाली. “आई न्हाई तिथं. अन् रूमवर येऊन तरी काय करू?”

मग तिची नजर माझ्या हातातल्या कागदाकडं गेली. तिनं पिशवीत हात घालून पेन काढलं.

“परत चुकला का गं?” ती म्हणाली. “दे, नीट भरते.”