पिकअपचा आवाज आणि दुधनीची आत्या

सोलापूर मागं पडलं आणि आमच्या म्हाताऱ्या पिकअपनं बुडाखालून सूर लावला. ऊंऽऽऽ! ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, पाय काढला की उतरायचा. शेजारी बसलेले आण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होते.

"आण्णा, आवाज ऐकताय का?"

"कसला आवाज? वारं हाय ते."

आम्ही दुधनीला निघालो होतो, आत्याला कायमची सोलापूरला आणायला. तिचे यजमान गेल्यापासून ती तिथं एकटीच. आण्णांनी थोरल्या बहिणीची वर्षभर मनधरणी केली, तेव्हा कुठं ती कबूल झाली. तेही अटीवर: तिचा शिसवी पलंग बरोबर येणार, आणि आज आलात तर आलात. आत्याचं 'उद्या बघू' म्हणजे 'कधीच नाही', हे आमच्या घरात सगळे जाणून. गाडी वाटेत बसली की पलंगही राहिला आणि आत्याही.

वळसंगला चहाला थांबलो. आपल्याकडं गाडी कुरकुरली की अख्खा कट्टा डॉक्टर होतो. एक म्हणाला, "गिअरबॉक्स गेला." दुसरा म्हणाला, "चाकाचं बेरिंग हाय की." तिसऱ्यानं डिझेलात पाणी असल्याचं निदान काढलं. मग एकेकजण गाडीखाली वाकला आणि एकेकजण खूश होऊन वर आला.

"लई झ्याक राक्षस काढलाय! कुणी काढला ओ?"

"मीच की," आण्णा विरघळले.

मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा लोखंडी गोळा. नजर लागू नये म्हणून आमचे आण्णा, निवृत्त चित्रकला शिक्षक, दर दसऱ्याला त्यावर राक्षस रंगवतात. जुना खरवडायचा नाही, अपशकुन! वर नवा चढवायचा. लाल जिभेचा इतिहास सांगण्यात दोन चहा झाले. आवाजाबद्दल कुणी चकार शब्द काढेना. माझं डोकं सणकलं.

पुढं मोकळ्या रस्त्यावर मीच तपासायला घेतलं. वेगात असताना गाडी न्यूट्रल केली, आवाज होताच, म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष सुटला. डावी-उजवीकडं झुलवली, आवाज बदलेना, म्हणजे चाकाचं बेरिंगही बहुधा सुटलं. उरला राक्षस.

अक्कलकोटला स्पेअर पार्टच्या दुकानापुढं मी गाडीखाली शिरलो. गोळ्याच्या तोंडाशी तेल पाझरलं होतं. तेल भरायचा बोल्ट काढताच फुस्स करून कोंडलेली हवा बाहेर आली; बोट घातलं, तर आत कोरडं! गोळा तापला की आतली हवा जायला वर एक बारीक तोटी असते. ती कुठंच दिसेना. तिच्या जागी राक्षसाचा मुकुट! स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला, तर खाली रंगानं बुजलेली तोटी. वाट नाही म्हणून हवेनं सीलमधून तेलच बाहेर ढकललं होतं. तेलानं सुटलेला रंगही धड राहिला नव्हता. जीभ, मिशा, डोळे, सगळा चेहरा पापुद्र्यासारखा माझ्या हातात आला.

"घ्या! तुमच्या राक्षसानं गाडीचं नाक बुजवलं होतं."

"अरं, पुसलास? आजच्या दिवशी?" आण्णा गाडीखाली वाकून बघायला लागले.

नवं तेल भरलं. घरघर उरली, कारण आतल्या बेरिंगनं थोडा मार खाल्ला होता; पण घरापर्यंत गाडी नक्की जाणार होती.

दुधनीत शेजारीण दारातच कानडीत म्हणाली, "बर्री, बर्री (या, या)." आत्यानं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट दही वाढलं. चार माणसांनी पलंग चढवला. आत्यानं दाराला कुलूप लावलं. आणि बघतो तर आण्णा गाडीमागं उकिडवे बसलेले, हातात लाल रंगाचा डबा! अक्कलकोटला गुपचूप घेतला होता.

"राक्षस काढल्याबिगर गाडी हलणार न्हाय. आज अक्का बसणार हाय हिच्यात."

आत्या कुलपाकडं बघत उभी. किल्ली अजून मुठीतच. आण्णांना ती लाडानं 'बसू' म्हणते. "बसू, रंग वाळंस्तवर हितं थांबले, तर परत आत जाईन बघ मी."

आण्णांनी डब्याकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. डबा शेजारणीच्या हातात दिला, मागच्या फळीवर पाय देऊन वर चढले आणि पलंगावर, मागच्या रस्त्याकडं तोंड करून मांडी ठोकली.

"चल रे. लागलीच नजर तर मला लागू दे."

परतीच्या वाटेवर मागून येणारे दुचाकीवाले त्यांना बघून वेग कमी करत होते. मी दोनदा गाडी थांबवून पुढं बोलावलं; आण्णा डोळे वटारून मलाच पुढं हाकलत होते. बाबांनो, दूरदूरचे घाट आणि किल्ले खुशाल बघा; मी सोलापूर ते दुधनी एवढ्यातच माझा बाप पहिल्यांदा नीट बघितला.

घरी पोचलो. आण्णा उतरले ते उन्हानं लालभडक, केस उभे, मिशांवर धूळ. आत्या दारात थबकली होती. तिनं त्यांना वरून खाली न्याहाळलं.

"बसू, एवढा झ्याक राक्षस तुला ब्रशानं कधी जमला न्हाय बघ," म्हणाली, आणि डोळे पुसत, हसत, आमच्या घरात आली.