सासू काढायची की सून?

अख्ख्या गोव्यात शांततेला घाबरणारा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. बाकीची माणसं निवांतपणासाठी समुद्रावर जातात, देवळाच्या मंडपात जाऊन बसतात; मामांना अशा जागी नेलं की ते दोन मिनिटांत उठतात आणि 'हांगा कितें तरी बिघडलां' असं म्हणत चपला शोधू लागतात. डिचोलीच्या त्यांच्या घरात पंखा करकरतो, दारं कण्हतात, फ्रीज मधूनच हुंदका देतो, आणि या सगळ्याच्या मधोमध मामा आरामखुर्चीत डोळे मिटून तृप्त पडलेले असतात. एकदा न राहवून मी त्या पंख्यात तेलाचे चार थेंब सोडले. पंखा गप्प झाला आणि मामा दचकून जागे झाले. पुढे आठवडाभर ते त्या पंख्याखाली बसले नाहीत.

त्यांचा सिद्धांत असा की कुरकुर करणारं यंत्र मरत नाही. गप्प राहतं तेच दगा देतं. "कुरकुरता तें मरना, जावयबापू. गप रावता, तेंच एक दिस फटयता!" हा सिद्धांत ते यंत्रांपुरता ठेवत नसत. पणजीला जायचं असलं तर स्टँडवरची नवी कोरी, पडदेवाली बस सोडून ते मागून येणाऱ्या जुन्या खुळखुळ्यासाठी थांबत. एकदा मी हट्टाने त्या नव्या बसमध्ये चढलो. पर्वरीच्या चढावर ती कसलाही आवाज न करता जी बसली ती बसलीच. आम्ही उतारू भर उन्हात रस्त्याकडेला उभे असताना खुळखुळा वाजत वाजत आला, आणि खिडकीतून मामांनी मला हात केला. तो हात मी जन्मात विसरणार नाही. एखाद्या मंत्र्यानेही मिरवणुकीत इतक्या समाधानाने हात हलवला नसेल.

फार काय, मी या घराचा जावई झालो तोही याच सिद्धांताच्या जोरावर. मुलगी पाहायला गेलो होतो. मुलाने मान खाली घालून बसायचं, मिळेल ते खायचं आणि छान म्हणायचं, अशी आईने तंबी दिली होती. पण चहा इतका गोड होता की 'हा चहा आहे की पाक?' असं माझ्या तोंडून निसटलंच. माझ्या वडिलांनी डोळे वटारले. तेवढ्यात कोपऱ्यातून मामांनी मांडीवर थाप मारली. "हो बरो! हाच्या पोटांत कांय उरना. हाका चेडूं दी!" याच्या पोटात काही राहत नाही, मुलगी यालाच द्या, असा त्यांचा निकाल. माझ्या आधी येऊन गेलेल्या तीन सालस, मितभाषी मुलांना मामांनीच नापास केलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं.

मामांची उमर खाणीवर गेली. खनिजाच्या ट्रकांचा मुकादम म्हणून ते दिवसभर धुरळ्यात आणि घरघराटात उभे असत, तेव्हा त्या आवाजानेच त्यांचे कान असे झाले असावेत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मामी त्यांच्या अगदी उलट. पेडण्यातल्या इब्रामपूरची ही बाई घरात आहे की नाही ते कळायचंसुद्धा नाही. बोलणं कमी, हसणं गालातल्या गालात. पण पौषात बायकांचे धालो, म्हणजे समोरासमोर ओळी धरून गायचे नाच, सुरू झाले की तीच मामी मांडावर, त्या नाचाच्या अंगणात, उभी राही आणि असा आवाज लावी की समोरच्या ओळीतल्या बायका आपली ओळ विसरून ऐकत राहत. ती गेली त्याच्या आधी काही वर्षं मामांनी तिची गाणी टेपवर घेतली होती. पुढे पावसाळ्यांनी कॅसेटींना बुरशी लावली. त्या पार जायच्या आत कशीबशी ती गाणी घरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवली गेली आणि कॅसेटी टाकून दिल्या. म्हणजे मामीचा आवाज जगात उरला होता तो त्या एका पेटीत.

आणि ती पेटी आजारी पडली. चालता चालता गोठायची, मध्येच बंद व्हायची. आत दोन हार्ड डिस्क होत्या. एक जुनी, ती सारखी कुरकुरे. हिला मामा सासू म्हणत. दुसरी नंतर बसवलेली, आवाज म्हणून नाही, ती सून. पेटीचा कारभार सासूकडे, आणि मामीची गाणी सुनेच्या पोटात. बाजारातला बेळगावकडचा दुरुस्तीवाला नवी डिस्क घेऊन आला, कान देऊन पाच मिनिटं बसला आणि म्हणाला, "मामा, ही म्हातारी काढायला पाहिजे की हो. किती वरडतीया बघा." मीही शहाण्यासारखी मान डोलावली. आवाज करतं ते बिघडलेलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मामा पेटीसमोर येऊन उभेच राहिले. "सासवेक हात लायनाका. सून काडून दवरा. पयलीं तिच्या पोटांतलें सगळें भायर काडा."

"अहो मामा, ती ठणठणीत आहे," मी म्हणालो. "तपासणीतसुद्धा ती पास झाली."

"म्हणूनच म्हणटां," मामा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला होता, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

बेळगावकराने खांदे उडवले, सीडीची वायर काढून नव्या डिस्कला जोडली आणि सुनेतली गाणी नवीत उतरवायला घेतली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कधी थांबे, कधी मागे आल्यासारखी वाटे. सासू अखंड कुरकुरत होती. मामा आरामखुर्ची सोडून स्टुलावर बसले होते आणि जेवायलाही उठले नाहीत. दिवेलागणीला पट्टी एकदाची टोकाला पोचली. बेळगावकराने पेटी बंद करून परत चालू केली. सासू आली, नवी आली. सून नाही. त्याने वायर बदलली, पेटी झटकली, पुन्हा पाहिलं. सून जी गेली ती गेलीच. आधी सासू काढत बसलो असतो, तर नव्या डिस्कवर सगळा कारभार चढवेपर्यंत मामीचा आवाज सुनेबरोबर गेला असता.

"मामा," बेळगावकर कान पकडून म्हणाला, "आजपासनं दुकान तुम्ही चालवा की हो!"

मग काय विचारता! मामांनी जास्वंदीचं फूल आणून पेटीवर ठेवलं. खडखडती स्कूटर काढून बाजारभर फेरी मारली आणि भेटेल त्याला थांबवून सासूचा विजय सांगितला, तो हार्ड डिस्क म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या फुलवालीलाही. येताना गरम भजी आणि उंडे पाव आणले. शेजारीपाजारी गोळा झाले, मामांनी पूर्ण आवाज सोडून गाणं लावलं, आणि मामी घरभर गाऊ लागली. दोन शेजारणी तर आपसूक उठून ओळ धरून उभ्या राहिल्या. करकरणाऱ्या पंख्याखाली मामा असे बसले होते की जणू डिचोली तालुकाच त्यांनी जिंकून आणला होता.

मंडळी पांगल्यावर मी विचारलं, "मामा, खरं सांगा. कसं ओळखलंत?"

मामा पेटीवरचं फूल सारखं करत राहिले. गाणं अजून चालू होतं.

"तुमची मामी ह्या घरांत आयली त्या दिसा सावन तिणें केन्नाच कुरकुर करूंक ना. म्हाका दुखता म्हणून एक उतर तोंडांतल्यान काडूंक ना. हांव खाणीवेल्यान येतालों, घर शांत आसतालें. म्हाका दिसतालें, सगळें बरें चल्लां." त्यांनी फूल पेटीच्या मधोमध ठेवलं. "हांवें केन्ना विचारूंकच ना, जावयबापू."

मी त्यांच्याशेजारी बसून गाणं संपेपर्यंत ऐकलं, आणि संपल्यावर त्यांनी ते परत लावलं तेव्हाही ऐकलं.

हल्ली आमच्या घरचा पंखाही करकरतो. तेल घाला म्हणून बायको मागे लागते, मी कानाडोळा करतो. पण तीच बराच वेळ गप्प राहिली की मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतो आणि काय झालं म्हणून विचारतो. "काही नाही हो, मामांसारखं काय करताय," असं ती म्हणते. मी तिथेच बसून राहतो. मग हळूहळू ती सांगू लागते.