नायसिनामाइड की सॅलिसिलिक?

अकोल्यात औषधांचं दुकान चालवणाऱ्या पौर्णिमाताईंना गुळमुळीत बोलणं जमत नाही. एप्रिलमध्ये पिंकी आली. ती बाळापूरहून रोज स्कूटीनं कॉलेजला येते. दोन्ही गाल लाल, हनुवटीवर पुटकुळ्या, आणि मोबाइलवर सगळं वाचून आलेली.

"ताई, पुटकुळ्यांवर लावायला नायसिनामाइड घेऊ का सॅलिसिलिक?"

"सॅलिसिलिक बुजलेली छिद्रं मोकळी करते, पण चिडलेल्या कातडीले अजून सुकवते. तिसरं मलम अझेलिक, ते लालीवर अन् पुटकुळ्यांवर, दोन्हीवर चालते, पण आधी चुणचुणते. नायसिनामाइड सौम्य हाय. तुले तेच पुरते."

ट्यूब देताना ताईंची नजर पिंकीच्या गळ्यातल्या स्कार्फवर गेली. उन्हासाठी तोंडाला गच्च बांधायचा तो. त्यावर घामाचे पांढरे डाग होते.

"हा कवा धुतला होता?"

पिंकी आठवू लागली. "होळीच्या आधी."

"अन् ट्यूब शोधून राहिली! रोज धुतलेला बांध पहिले."

तीन आठवड्यांनी पिंकी नितळ गालांनी आली आणि ट्यूब काउंटरवर ठेवली. सील तसंच होतं. ताईंनी ती परत घेतली.

आता कुणी मुरूम घेऊन आलं की ताई चष्मासुद्धा लावत नाहीत. "तोंड मंग पाहू. आधी स्कार्फ दाखव."