रथाला मोगरी

जुलैतल्या एका शनिवारी आमची जपानी शेजारीण कुंपणाशी आली आणि म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस ना? आमचा रथ वळत नाही."

ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, रिटायर झालेली शिक्षिका. मीही गेल्या वर्षीच रिटायर झाले. तीस वर्षं इथे परदेशात पुलांची डिझाइन्स केली. तिच्या बौद्ध मंदिरात दर उन्हाळ्यात पितरांचा उत्सव असतो. पितर त्या दिवसांत घरी येतात, त्यांना वाट दिसावी म्हणून कंदील लावायचे, आणि ते आलेत म्हणून सगळ्यांनी फेर धरून नाचायचं. आपल्याकडे पितृपक्षात लोक साडीखरेदीसुद्धा पुढे ढकलतात, त्यामुळे पहिल्या वर्षी मला त्या नाचाचं फार नवल वाटलं होतं. यंदा रथ मात्र नवा होता. मंदिरातल्या एका म्हाताऱ्या सुताराने तीन हिवाळे खपून तो बांधला होता.

मी जाऊन पाहिला. दोन पुरुष उंच, चारही बाजूंना कागदी कंदील, चार लाकडी चाकं, आणि आस पक्का, म्हणजे चाकं वळवायची सोयच नाही. पार्किंग लॉटमधून रस्त्यावर काटकोनात वळायचं होतं. ट्रायलच्या दिवशी रथ सरळ हिरवळीत घुसला आणि वीस जणांनी उचलून तो फिरवला. दोघांच्या पाठी धरल्या.

"याला मोगरी लागेल," मी म्हणाले.

आमच्या खानदेशातल्या गावाचा रथ मोगरीवरच चालायचा. मोगरी म्हणजे लांब दांड्याची लाकडी पाचर. माझे बाबा ती लावणाऱ्यांपैकी एक. दहा वर्षांची असताना मी म्हटलं होतं, "मला लावू द्या." ते म्हणाले, "ते बायकांचं काम नाही." पण घरी आल्यावर त्यांनी फरशीवर खडूने चाक काढून मला सगळं समजावलं. बाबांचं ते असं होतं. हात लावू द्यायचे नाहीत, विचारलं तर काही लपवायचे नाहीत.

सुताराने ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "धावत्या चाकाखाली लाकूड? चाक फुटेल."

"नाही फुटणार. चाक अडवायचं नाही, नुसतं रेंगाळवायचं. उजवं चाक मागे राहिलं की रथ उजवीकडे वळतो."

त्याने कागद पुढे केला. मी आकृती काढून दिली. दोन दिवसांत त्याने ओकची मोगरी करून आणली, इतकी सुबक की जमिनीवर टेकवायला जिवावर येत होतं. टेस्टला मीच ती चाकाखाली सरकवली. रथ गचकन थांबला, एक कंदील खाली पडून फाटला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "उतार जास्त दिलाय. आणखी लांब आणि चपटी हवी."

त्याच आठवड्यात सुताराने दोन नव्या मोगऱ्या आणल्या, दोन्ही बाजूंना एकेक, आणि या वेळी रथ सावकाश, तक्रार न करता वळला. त्याने वाकून चाक तपासलं, मग मला विचारलं, "उत्सवाच्या दिवशी ही लावणार कोण? आमच्यातली तरुण पोरं देऊ?"

"उजवीकडची मी लावणार."

घरी नवरा म्हणाला, "आणि तुझा गुडघा?"

"गुडघ्याला पट्टा बांधते."

त्याला माहीत होतं की पुढे बोलण्यात अर्थ नाही. डावीकडे तो स्वतः उभा राहायला तयार झाला.

उत्सवाच्या संध्याकाळी ऊन अजून उतरायचं होतं. पुढे दोरखंडाला पोरंटोरं आणि त्यांचे आईबाप, रथावर ढोल. मी चाकाच्या बाजूने चालत होते. वळण आलं. मी मोगरी सरकवली, दांडा घट्ट धरून ठेवला. लाकूड डांबरावर खरडल्याचा आवाज आला. लहानपणी ओट्यावर बसून लांबून ऐकलेला तो आवाज आता माझ्या हातांतून येत होता. रथ कललाही नाही. तो वळून रस्त्याला लागला आणि दोरखंडावरची माणसं ओरडली.

सुतार माझ्याजवळ आला, कमरेत वाकला. मीही नमस्कार केला.

मग मंदिराच्या आवारात उंच मांडवाभोवती नाच सुरू झाला. शेजारणीने मला ओढून फेरात घेतलं. हात वर, टाळी, एक पाऊल मागे. मी सारखी एक पाऊल चुकत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

"आज तुझे वडीलसुद्धा आले असतील," ती नाचता नाचता म्हणाली.

"आले असतील तर चुका काढत असतील," मी म्हणाले, आणि ती हसली.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. बर्फ लावून सोफ्यावर बसले असताना सुताराचा फोन आला. ढोलपथकातल्या दोन मुलींना मोगरी शिकायची आहे, शिकवाल का? मी लगेच हो म्हटलं. आता दर रविवारी सकाळी त्या आमच्या ड्राइव्हवेवर येतात. पुढच्या वर्षी मी बाजूला उभी राहून नुसत्या सूचना देणार असं ठरवलंय. नवऱ्याचा त्यावर विश्वास नाही.