डावा पंख
संगमरवराच्या ओल्या भुकटीचा वास आला की बहरीनमधला, अमवाज बेटावरचा तो व्हिला आठवतो. तिथल्या हॉलमध्ये आम्ही ग्रीक पुराणातल्या, सूर्याजवळ उडून कोसळलेल्या पोराचा पांढराशुभ्र पुतळा बसवत होतो, पंख पसरलेला. रत्नागिरीचे मिस्त्रीचाचा कुठलाही दगड उचलण्याआधी बोटांनी वाजवून बघत. डाव्या पंखावर आवाज बद्द आला. “आतून चीर हाय, साहेब. उभा करू नका,” ते हळूच म्हणाले. मालक तासाभरात येणार होते. मी साइट इंजिनिअर, म्हटलं, “यल्ला, चला, चढवा.” पुतळा बसला, मालक खूश झाले. चाचा मात्र पुसायलासुद्धा त्या पंखाखाली गेले नाहीत. काल मालकांनी ईदचा फोटो पाठवला. त्यात त्यांची नात नेमकी तिथेच रांगते आहे. मी ‘छान’ एवढंच लिहिलं.