आर्डिसच्या खुर्चीएवढी वाट

ऑर्वल ट्वेट हा बोलण्यात भलताच कंजूष माणूस. मिनेसोटातल्या त्या गावात उभा जन्म त्यानं काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली, आणि त्या गाडीत बोलायला असतं कोण? घरातलं बोलणं बायकोनं, आर्डिसनं, सांभाळलं. हलवाहलवही तिचीच. ऑर्वलनं कपाट इथे ठेवलं की चार दिवसांत ते तिथे गेलंच म्हणून समजा. सोफा, फ्रीज, नाताळचं झाड, तिच्या तावडीतून काही सुटलं नाही. तो चडफडायचा आणि ढकलू लागायचा.

त्या आर्डिसचा उजवा पाय साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली कापावा लागला. घरी सोडायची वेळ आली तेव्हा मुलीनं, रेनेनं, निकाल दिला. चाकाच्या खुर्चीत बसून मॉमला आपल्या स्वयंपाकघरात वावरता आलं तर ती घरी राहील. नाही तर तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात खोली बोलून ठेवली आहे. शुक्रवारी घेऊन येते, बघते, मग ठरवू. रेने काही वाईट नव्हती. स्वतः नर्स होती, आणि म्हाताऱ्या बापाच्या अंगात किती बळ उरलंय ते तिला दिसत होतं. ऑर्वलनं सवयीप्रमाणे ‘बघू’ म्हटलं. पण जीव टांगणीला लागला.

जुना ओटा आर्डिसच्या हनुवटीशी येणार होता. म्हणून त्यानं दुकानातून दोन तयार कपाटं आणली, मधोमध नवा ओटा करायला. कपाटं उभ्या माणसाच्या बेतानं केलेली. बुटकी करायची तर खालची बैठकच कापायला हवी. कापलेला माल परत घेणार नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. ऑर्वलनं कपाटं उलटी केली, करवत लावली आणि पहिला काप संपेपर्यंत श्वास घेतला नाही.

दोन्हींमध्ये गुडघे जातील एवढी जागा सोडून त्यानं जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून आखणी केली. चर्चमधून चाकाची खुर्ची मागून आणली, स्वतः तिच्यात बसला आणि पट्टीभोवती फेऱ्या मारल्या. कुठेच अडलं नाही. समाधानानं तो खुर्ची परत देऊन आला. मग कपाटं जागेवर ठेवून वर जाड लाकडी फळी बसवली. खाली जमिनीला ठोकळे मारून त्यांना कपाटं आवळायची, एवढं एकच काम त्यानं बाकी ठेवलं. स्क्रू शर्टाच्या खिशात टाकले. कपाटांखाली जुन्या गालिच्याचे तुकडे उलटे सरकवले.

शुक्रवारी रेने आईला घेऊन आली. आत येताच तिनं ओट्याला हात टेकला आणि ओटा हलला.

“डॅड, हा सुटा आहे. मॉमनं याचा आधार घेतला आणि ती पडली म्हणजे?”

आर्डिसनं खुर्चीची चाकं फिरवली. दारातून आली, फ्रीजजवळून वळली आणि शेगडीसमोर अडकली. फळीची कड कपाटांच्या बाहेर आलेली होती, ती तिच्या कोपराला लागली. पट्टीची आखणी कपाटांच्या मापाची होती, बाहेर येणाऱ्या फळीच्या नव्हे. आर्डिसनं खुर्ची मागे घेतली, पुन्हा पुढे आली. पुन्हा कोपर. कोपरावर लाल ओरखडा उठला.

रेने खाली बसली आणि तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आपण प्रयत्न तर केला ना, असं ती अगदी हळू म्हणाली. त्या हळू बोलण्याची ऑर्वलला भीती वाटली. आर्डिसचे डोळे भरले होते. तिनं रागानं ओट्याला ढोसलं, आणि ओटा गालिच्यावरून वीतभर सरकला.

ती बघतच राहिली. “ऑर्वल, तू हा ठोकला का नाहीस?”

“तू कधी काही पहिल्या जागी राहू दिलंयस का?”

आर्डिसनं नाक पुसलं.

“खिडकीकडे घे. अजून. रेने, तू काय पाहुणी आलीस? लाव हात.”

बापलेकीनं ओटा ढकलला. आर्डिस निघाली. फ्रीज, शेगडी, सिंक; कोपर कुठेच लागलं नाही. शेवटी तिनं गुडघे फळीखाली घातले, दोन्ही तळहात लाकडावर सपाट ठेवले आणि विचारलं की घरात बटाटे आहेत की नाहीत, लेफ्से, त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटायच्या आहेत. ऑर्वलनं कालच उकडून ठेवले होते.

रेने बराच वेळ आईच्या हातांकडे बघत राहिली. मग बापापुढे तिनं हात पसरला.

“स्क्रू दे, डॅड. मी वाकते. तुझी कंबर जाईल.”

ऑर्वलनं खिशातून स्क्रू काढले. रेने गुडघ्यांवर बसली.

“थांबा,” आर्डिस म्हणाली, “जरासा डावीकडे.”

ऑर्वल चडफडला आणि ढकलू लागला.